टपालाच्या खिडकीतला डोळा

दोरीवर अर्धेच कपडे पडले होते. बादलीत अजून सात-आठ पिळे तसेच होते आणि डोळेमामा दातांत दोन चिमटे धरून चादरीचं टोक शोधत होते, तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

“अहो, बघा कोण आहे ते,” मामी आतून म्हणाल्या. “माझे हात पिठात आहेत.”

मामा चिमट्यांसकट दाराशी गेले. दारात टपाल कचेरीतली खिडकीवाली उभी होती. मामांच्या तोंडातले चिमटे खाली पडले, ते त्यांनी वाकून उचललेसुद्धा नाहीत.

अकरा वर्षं हा माणूस तिला टाळत आला होता.

मामांना सख्खी भाची एकही नाही, पण अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणते, आणि धंद्यावरून डोळेमामा. ज्यांचा डोळा अपघातात नाहीतर आजारात गेला, त्यांच्यासाठी ते नकली डोळे करतात. गल्लीतले लोक काय, थट्टेला टपलेलेच. कोणी बाहेरगावी निघाला की ओरडून जायचा, “मामा, घरावर जरा एक डोळा ठेवा बरं!” मामा खिडकीतूनच म्हणायचे, “ठेवतो की! कुठल्या रंगाचा?”

काम पुढच्या खोलीत चालायचं. उत्तरेकडची खिडकी, खिडकीशी गिऱ्हाइकाचं स्टूल, समोर मामा, कपाळावर भिंग. नकली डोळा म्हणजे गोटी नव्हे, शिंपल्यासारखी पातळ वाटी असते. शर्टाच्या बटणाएवढ्या काळ्या चकतीवर तीन केसांच्या कुंचल्यानं बुबुळ रंगवायचं. तपकिरीवर तपकिरी, त्यावर मधासारखी एक रेघ, मग राखाडी. पांढऱ्या भागातल्या शिरा म्हणजे लाल रेशमाचे उसवलेले तंतू. समोरच्याच्या चांगल्या डोळ्यात मोजून तेवढेच. मधोमध बाहुली. खऱ्या डोळ्याची बाहुली उजेडात बारीक होते, अंधारात पसरते. मामांनी काढलेली मात्र एकदा जेवढी काढली तेवढीच राहणार, जन्मभर.

गाणाऱ्याचा सूर चुकला तर तो हवेत विरून जातो. चित्रकाराचं चित्र भिंतीवर एकटं असतं, त्याच्या शेजारी अस्सल कोणी आणून टांगत नाही. मामांचं काम मात्र देवाच्या कामाला खेटून बसतं. एकीकडे देवानं केलेला, दुसरीकडे मामांनी केलेला, मध्ये फक्त नाकाचं हाड. आणि देवाला घाई नसते. चाळीस वर्षांत मामांनी एकही डोळा “झाला” असं म्हणून कोणाच्या हाती दिला नाही. “आता न्या,” एवढंच म्हणायचे, आणि गिऱ्हाईक वळणावर दिसेनासं होईपर्यंत खिडकीत उभे राहायचे.

खिडकीवाली पहिल्यांदा आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. अपघातात उजवा डोळा गेलेला. तीन दिवस ती स्टुलावर बसली, डोळा घेऊन गेली, पुढं टपाल कचेरीत लागली. दोनेक महिन्यांनी मामा एक पार्सल टाकायला तिथं गेले. रांगेत त्यांचा नंबर आला, समोर खिडकीत ही. दाराकडून आलेलं ऊन नेमकं तिच्या तोंडावर. तिच्या स्वतःच्या डोळ्यातली बाहुली तिळाएवढी झालेली, आणि मामांनी काढलेली मात्र मिऱ्याएवढी. भर उन्हात एक डोळा निवांत आणि दुसरा घाबरलेला. नुसता घाबरलेला असता तरी चाललं असतं, पण मामांच्या पाठीमागे काहीतरी उभं आहे आणि ते फक्त त्यालाच दिसतंय, असा तो बघत होता. मामांनी मागे वळून पाहिलं. त्यांचं बघून रांगेतल्या चौघांनीही पाहिलं. मागे फक्त भिंत होती.

पार्सल न टाकताच ते घरी आले.

तेव्हापासून टपालाचं काम मामींकडे आलं. मामा घरी यायचे ते मागच्या रस्त्यानं, दोन वळसे घेऊन. पण डोळा काही कचेरीत बसून राहिला नाही. न्हाव्याकडे आरशासमोर बसले की मामांना वाटायचं, मागे कोणीतरी आहे. जेवता जेवता मान वळायची.

“काय बघता हो मागे सारखं?” मामी विचारायच्या.

“काही नाही.”

“मग जेवा पुढ्यात बघून.”

आपली चूक मामांनी मनाशी नीट लावून ठेवली होती. त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, त्यात वीज गेलेली. खोलीत अंधार, म्हणून तिची बाहुली पसरलेली. उद्या या, असं सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. दिसली तशी काढली. इतक्या वेळा त्यांनी हे स्वतःला सांगितलं होतं, की पंखा घरघरत बंद पडल्याचा आवाजही त्यांना आठवायचा.

सगळ्यात खालच्या खणात कापसावर बावीस डोळे होते. सगळे तिचे. आठवणीनं केलेले, बाहुली लहान करून. एकही मनासारखा उतरला नव्हता, कारण समोर ती नव्हती. आणि तिला बोलवायचं तर म्हणावं लागलं असतं, बाई, तुमचा डोळा मी चुकवला. तेवढं त्यांच्याच्यानं म्हणवत नव्हतं.

आता तर वेळही थोडा होता. मामांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर म्हणाले होते, या, थेंब घालून बाहुली मोठी करून आत बघू, मग ऑपरेशनची तारीख देऊ. पण ज्यांचं झालं त्यांनी सांगितलं, नंतर रंग बदलतात, पिवळा धुतला जातो, सगळं निळसर दिसतं. तिचा तपकिरी त्यांना याच जुन्या डोळ्यांनी ठाऊक होता. तो एक डोळा सुधारायचा, मगच दवाखाना, असं ठरवून त्यांनी वर्ष काढलं. आणि रोज सकाळी खिडकीत थोडं जास्त धुकं असायचं.

आणि आता ती आपल्या पायांनी दारात उभी होती.

“ओळखलंत का, मामा?” ती म्हणाली. “ओरखडा पडलाय, पापणीला टोचतं. दर वर्षी पॉलिश करायला या म्हणाला होतात, मी फिरकलेच नाही. रागवू नका हं.”

“रागवायचा हक्क तुमचा आहे,” मामा म्हणाले. तिला स्टुलावर बसवून ते समोर उभेच राहिले आणि मग एका दमात बोलून टाकलं. “नवीन करून देतो. पहिला माझ्याकडून चुकलाय. त्या दिवशी आभाळ आलं होतं, वीज नव्हती, अंधारात बाहुली मोठी झाली...”

“आभाळ?” ती हसली. “कडकडीत ऊन होतं की! दारातून तिरीप येते म्हणून तिथला पडदा सारखा करायला तुम्ही मामींना हाक मारली होती.”

“नाही, वीज गेली होती. पंखा...”

“थांबा,” मामी दारातून म्हणाल्या. पिठाचे हात त्यांनी पुसले. लग्नापासून त्या रोज वहीत चार ओळी लिहितात, पहिली देवाला आणि बाकीच्या घराला. वह्या ट्रंकेत वर्षावर्षानं सुतळीनं बांधलेल्या. तारीख मामांच्या कामाच्या नोंदीत होतीच. मामींनी वही शोधून आणली, चष्मा चढवला आणि वाचलं:

“‘देवा, सगळ्यांना सांभाळ. घरातल्या सगळ्या चादरी धुतल्या, बाराच्या आत वाळून कडक झाल्या. डोळ्यासाठी एक मुलगी आली आहे. तिला पाणी विचारायचं राहिलं.’”

मामींनी वही मिटली. “चादरी वाळल्या म्हणजे ऊन होतं,” त्या हळूच म्हणाल्या.

मामा खाली बसले. “मग बाहुली का मोठी होती?”

“घाबरले होते मी,” खिडकीवाली म्हणाली, सहज, पत्त्यातली चूक दाखवावी तसं. “वाटायचं, दुसराही जाणार. तुम्हाला विचारलं होतं ना, दुसऱ्यालाही असंच होईल का म्हणून?”

“मग मी काय म्हणालो?”

“तुम्ही म्हणालात, हलू नका.”

मागच्या अंगणात दोरीवरून पाणी ठिबकत होतं, ते ऐकू येत होतं. मामांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवत होता तो फक्त पंखा, जो कधी बंद पडलाच नव्हता. हात चुकला नव्हता. चाळीस वर्षांत तो कधी तंतोतंत चालला असेल तर त्याच दिवशी, आणि कशावर चालतोय हे मामांनी मान वर करून पाहिलं नव्हतं.

बादलीतले कपडे तसेच राहिले, आंबूस वास सुटला, दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवावे लागले.

ती तीन दिवस येत होती. आधी पाणी, मग चहा. मामा टपालातल्या गमती विचारायचे, ती सांगायची, मामी चौकटीला टेकून हसायच्या. बाहुली तिळाएवढी होऊन बसली की मामा कुंचला उचलायचे. डोळ्यांपुढे धुकं होतंच. तपकिरीवर तपकिरी, मध, राखाडी. चौथ्या दिवशी डोळा बसवला आणि तिच्या हाती आरसा दिला.

बराच वेळ ती बघत राहिली. दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या. मामींनी मनात देवाचे आभार मानूनही टाकले.

“छान आहे,” ती म्हणाली. मग आरसा जरा लांब धरला. “पण हा कुणाचा?”

खरं म्हणजे डोळा बसवता क्षणी मामांनाही हेच वाटलं होतं. डोळा निर्दोष होता आणि त्यात कोणी नव्हतं.

“मला माझाच द्या, मामा. ओरखडा तेवढा काढा.”

“अगं पण तो घाबरलेला आहे!” मामींना राहवलं नाही.

“असू दे हो, मामी. घाबरायचं काम मी त्याच्यावर सोपवलंय. तो घाबरतो, म्हणून मला बाकीच्या कामांना वेळ मिळतो. आणि खिडकीशी कोणी तावातावानं आलं ना, की तो बघून आवाज आपोआप खाली येतो. कचेरीत माझ्याशी कोणी भांडतच नाही.” मग मामांकडे वळून म्हणाली, “तुम्हीच तेवढे एकदा पार्सल घेऊन पळालात.”

तिला दिसलं होतं तर.

मामांनी जुना डोळा पॉलिशच्या चाकावर धरला. ओरखडा निघाला. धुऊन, पुसून तो तळहातावर घेतला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा नजर न चुकवता पाहिला. तो मामांच्या खांद्यावरून मागेच बघत होता, तसाच. अगदी कानाशी एक आवाज म्हणाला, हलू नका, आणि आवाज त्यांचाच होता. या वेळी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कोण उभा आहे ते आता माहीत होतं: पन्नाशीतला, कपाळावर भिंग लावलेला, घाईतला एक माणूस. तो जाणार नव्हता.

“घे, बाळ,” मामा तिला म्हणाले. “तुझा आहे.”

ती गेली. नवा डोळा खालच्या खणात तेविसावा म्हणून ठेवला गेला. मामा वळणापर्यंत तिच्याकडे बघत उभे राहिले. वळणाच्या अलीकडेच ती धुक्यात गेली.

“आता तरी?” मामींनी मागून विचारलं.

“थेंब घातले की चार तास बाहुली पसरलेली राहते म्हणे. उन्हात काही दिसत नाही.”

“मी येते ना बरोबर.”

“तो डॉक्टर म्हणेल, हलू नका.”

“म्हणू दे. तुम्ही आधी पाणी मागा.”

मामींनी पाण्याची बाटली भरून पिशवीत टाकली. मामांनी चपला घातल्या, आणि थेंब घालून तारीख घ्यायला दोघं डोळ्यांच्या दवाखान्याकडे निघाले.