भाताचा नवस

बायकोचा कॅन्सर बरा व्हावा म्हणून मी भात सोडला, आणि त्यापायी तिची केमोच थांबायची वेळ आली.

शहापूरच्या मारुतीपुढे नारळ फोडून मी हे बोलून आलो होतो. आमच्या धानाच्या मुलखात भात सोडणे म्हणजे केवढा त्याग, असे मला वाटे. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवीतही असे. पोळ्या मात्र दाबून खात होतो. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हिचे वजन उतरते आहे, असेच चालले तर पुढचा डोस देता येणार नाही. मी हादरलो. वाटले, देवाला नुसता भात पुरेसा नसावा, आता मीठही सोडावे.

व्हरांड्यात आमच्या शेजारी पवनीच्या एक बाई डबा उघडून बसल्या होत्या. त्यांचे यजमान आत सलाईनवर होते. काही न विचारता त्यांनी झाकणात हिला आणि वाटीत मला भात-वरण वाढले. मी हात जोडून नवसाची कथा सुरू केली. त्यांचे घर बौद्ध, नवस-उपास त्यांच्याकडे नाहीत. तरी सगळे ऐकून घेतले आणि झाकणातला भात तसाच पाहून हिला विचारले, तू काहून जेवत नाहीस?

ही खाली पाहत म्हणाली, "तोंडात फोडं आहेत, पोळी चाबता येत नाही. अन् याइच्या ताटात भात नाही, तं मी एकटी कशी खाऊ?"

मी आजवर समजत होतो, औषधाने हिची भूक मेली.

बाई मला म्हणाल्या, "भाऊ, मीबी काळजीनं जेवत नव्हती. इथंच चक्कर येऊन पडली, तं हे सलाईनची बाटली धरून उठले मले पाहाले. जेवा आधी."

मी घास घेतला. मग हिने घेतला. तो प्रसाद होता, असे मी मानतो. बाईंना सांगितले असते तर त्या हसल्या असत्या. पुढचा डोस वेळेवर झाला. आजार अजून आहे. दवाखान्याच्या दिवशी आम्ही आता मिळूनच जेवतो, आणि उद्याचे काय ते मारुतीवर सोडतो. निदान तसा प्रयत्न करतो.

परवा नवस मोडल्याची माफी मागायला मारुतीपुढे उभा राहिलो. माझे पुटपुटणे लांबले, तशी ही मागून म्हणाली, "आता नवीन काही बोलू नका त्याले. तुमी मधात पडले का त्याचंबी काम वाढते."