शेवटच्या चित्रावरचा हात

मंडळी, मुखवटाधारी सुपरहिरोच्या नव्याने सुरू झालेल्या कॉमिक्सचा पहिला अंक आज दुपारी तळोद्याला पोचला. तुमच्यातले बरेच जण माझं मत वाचूनच तो मागवणार, म्हणून ते चोख हवं.

मी वाचायला शाळेआधी घरीच शिकले, काकांच्या जुन्या अंकांवर. मग आज आवडलं, तर ते अंकामुळे की त्या जुन्या मायेमुळे? म्हणून काकांचीच जुनी परीक्षा या अंकाला लावली. ते प्रत्येक प्रसंगाच्या शेवटच्या चित्रावर तळहात ठेवून पुढे काय होईल विचारायचे. ओळखता आलं, तर प्रसंग नापास.

आज हात माझा होता, ओळखायचं काकांनी.

"तो पूल धरी ठेवी." बरोबर, हात उचलला तर नायकाने पूल धरूनच ठेवलेला.

"दोस्तच दगा देई." तेही बरोबर. दोन प्रसंग नापास.

शेवटच्या पानावर मात्र ते माझ्या बोटांच्या फटीतून डोकावू लागले.

"सांगा ना काका."

"हात काढ पोरी."

"आधी ओळखा."

त्यांनी माझं मनगट धरून हात बाजूला केला. लहानपणी मी असं केलं की तेच रागवायचे.

तर माझं मत असं: मधला भाग जुनाच आहे, पण शेवटासाठी अंक घ्या. वाचल्यावर खरं सांगाल? माझा हात तुम्हीही ढकलला असता का?