ओटीचा धोंडा

शहागडच्या खालच्या अंगाला, गंगेच्या काठावर कडूबाचं गाव. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. गोदावरी फक्त सरकारी कागदात. कडूबा गावचा कोतवाल. दवंडी द्यायची, तलाठ्याचं दप्तर वाहायचं आणि जीपमधून उतरलेला साहेब विचारील ते दाखवायचं, हे त्याचं काम. ते त्यानं जन्मभर इमानानं केलं. चुकला एकदाच, आणि तेही बायकोची लाज राखायला.

गावात चाल अशी, की पूर चढू लागला की ज्या घराची पाळी असेल तिथल्या सवाष्णीनं पाण्याच्या कडेला जाऊन गंगेची ओटी भरायची आणि तिथल्या धोंड्याला कुंकू लावायचं. मग गंगा मागं फिरते. नाही फिरली तर ओटी पोचली नाही, म्हणजे भरणारीतच काही खोट, असं बायका पाणवठ्यावर बोलायच्या. बोलणाऱ्यांचं काय जातंय.

अठ्ठ्याऐंशीच्या पुरात पाळी आली कडूबाच्या बायकोची, तुळजाबाईची. तिनं उतारावरच्या काळ्या धोंड्यापाशी ओटी भरली. पाणी थबकलं. लोक निर्धास्त होऊन पांगले, आणि मग रात्री पाणी पुन्हा चढलं. धोंड्याच्या जरा वर कडूबाच्या थोरल्या बहिणीचं, चतुराबाईचं मातीचं घर. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली होती. दोन शेळ्या आणि ती, एवढाच संसार. तिच्या घरात मांडीभर पाणी शिरलं आणि उजाडायच्या आत उतरलंही. भावाबहिणीनं मिळून गाळ उपसला, भिंत सारवली आणि तोंडं मिटून घेतली. तुळजाबाईला मूल नव्हतं. गाव तिला तेवढ्यावरूनच पोटभर बोलत होतं, त्यात ही भर कशाला?

तीन वर्षांनी सरकारला पुराची आठवण झाली. जीपमधून साहेब, तिपाईवरची दुर्बीण आणि नकाशाची गुंडाळी उतरली. पाणी जिथवर चढलं तिथं निळी रेघ मारायची, रेघेखालच्या घरांना माळावर प्लॉट द्यायचे आणि पुन्हा पूर आला तर तीच घरं आधी हलवायची, असा बेत होता. बेत चांगला होता. सरकारचे बेत चांगलेच असतात.

"कोतवाल, मागच्या पुरात पाणी सगळ्यात वर कुठं आलं होतं?"

सगळं गाव जमलेलं. बायकांत तुळजाबाई उभी. कडूबानं काळ्या धोंड्यावर हात ठेवला. "हितवर, साहेब."

"नक्की?"

चतुराबाई आपल्या दारातून बघत होती. भावाच्या आधी तीच बोलली, "बराबर हाय."

धोंड्यावर निळा पट्टा बसला. खालची एकवीस घरं यादीत गेली. वरचं पहिलंच घर चतुराबाईचं, ते राहिलं. लोकांनी प्लॉटवर कडबा रचला आणि राहिले खालीच, ती गोष्ट वेगळी. कडूबानं मनाशी म्हटलं, पाणी आलंच तर आपण आहोत की.

ते आलं दोन हजार सहाच्या पावसाळ्यात. धरणातून पाणी सोडणार असल्याचा निरोप सकाळीच आला, सोबत यादी. कडूबानं एकवीस घरं रिकामी केली. मग बहिणीच्या दारात गेला. तुळजाबाई तिथंच होती.

"आक्का, तू बी चल शाळेत. जल्दी."

"माझं घर रेघेच्या वर हाय. शेळ्या सोडून कामून येऊ?" चतुराबाईनं भावजयीकडं बघितलं आणि भावाला डोळ्यानंच दटावलं.

मागल्या बारीला तुझ्या घरात आल्तं, एवढंच म्हणायचं होतं. ते ओठापर्यंत आलं. "बरं," कडूबा म्हणाला, आणि बायकोला घेऊन शाळेकडं निघाला.

दुपारी तो शाळेत माणसं मोजून तलाठ्याला आकडा सांगत असताना चतुराबाईची नदीकडची भिंत बसली. पाणी ओसरल्यावर ती सापडली. शेळीचं दावं हातातच होतं.

कडूबा रडला नाही. ताटात पडेल ते खायचा, हाक मारली की उठायचा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की नाही, हेही त्याला सांगता आलं नसतं. दुःख व्हायला हवं होतं आणि होत नव्हतं. दिवस नुसते येत होते आणि जात होते.

दिवाळीनंतर नवी जीप आली. रेघ नव्यानं मारायची होती. नव्या साहेबानं तोच प्रश्न विचारला आणि कडूबाचे पाय सवयीनं धोंड्यापाशी थांबले. तुळजाबाई त्याला ओलांडून वर गेली. हातात कुंकवाचा करंडा होता. चतुराबाईच्या घराची मागची भिंत तेवढी उभी होती. तिनं त्या भिंतीवर डोक्याइतक्या उंचीवर बोटानं कुंकवाची रेघ ओढली.

"हे औंदाचं." मग वाकून मांडीइतक्या उंचीवर दुसरी ओढली. "आन् हे अठ्ठ्याऐंशीचं."

कडूबा धोंडा सोडून वर आला. "तुला कवा कळलं?"

"दुसऱ्याच दिशी. ओल दिसत व्हती की भितीला." तिनं बोट पदराला पुसलं. "मला वाटलं, तुमालाच माझी लाज वाटती. म्हून मी बी बोलले न्हाई."

साहेबानं टेपचं टोक कडूबाच्या हातात दिलं आणि खालच्या रेघेला लावून धरायला सांगितलं. त्यानं धरलं. माप लिहून झालं, साहेब टेप गुंडाळायला लागला, तरी त्यानं ते सोडलं नाही.