नखाची खूण

“मावशी, नखाची खूण उमटली म्हणजे अजून कच्चं हाय. उद्या या.”

मस्तगड भागातल्या त्या चिंचोळ्या दुरुस्तीच्या दुकानात मी पहिल्यांदा शिरले, तेव्हा दुकानवाले काका एका बाईंना हे सांगत होते. बाईंच्या कुकरचा तडकलेला दांडा टेबलावर पडला होता. तडकलेल्या जागी काळं रबर बसवलेलं.

“पाहुणे येऊन राह्यलेत घरी, आन तुम्ही उद्या म्हणता!”

“मंग आज पातेल्यात शिजवा. डाळीला काय कळतंय?”

बाई हसत, बडबडत गेल्या. माझी पाळी आली तेव्हा मी काय हवंय ते सांगितलं नाही, नुसतं बाहेर उभ्या मोटरसायकलकडे बोट केलं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझं असंच होतं.

मोटरसायकल माझ्या भावाची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि ती मी बदनापूरला न्यायला लागले. तिथे बियाणं तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी काम करते. पप्पांनी परवानगी दिली, ती एका अटीवर : “एकदा जरी पडलीस, तर गाडी विकून टाकीन.” पप्पा बोललेलं करतात.

गिअरच्या दांडीवरचं रबर झिजून गेलं होतं. काकांनी एक छोटं पाकीट फोडलं, आतला गोळा पोळीच्या कणकेसारखा मळला आणि दांडीवर लपेटला. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून तो गुळगुळीत केला. मग खिशातला कंगवा काढून त्याचे दात त्यावर दाबले. पाय घसरू नये म्हणून बारीक रेघा उमटल्या. “आता गाडी इथंच ऱ्हाऊ द्या. चोवीस घंटे हात न्हाई लावायचा.”

हाताने आकार देता येणारं हे सिलिकॉन रबर ते कुरियरने मागवत. अर्धा तास मऊ राहतं, दिवसभरात पक्कं होतं. काका त्याला ‘कणीक’च म्हणत. उन्हाळ्यात ते खराब होऊ नये म्हणून पाकिटांचा डबा शेजारच्या डेअरीच्या फ्रिजमध्ये असे.

“काका, एखाद दिवशी श्रीखंड म्हणून विकून टाकीन मी हे,” डेअरीवाला ओरडायचा.

“विका. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तक्रार करायला तोंड उघडणार न्हाई.”

पण तुम्ही त्या दुकानात गेला असता, तर तुमचं लक्ष आधी टेबलाच्या कडेकडे गेलं असतं. तिथे वाटाण्याएवढे शेकडो ठिपके चिकटलेले होते, काळे, लाल, निळे. प्रत्येक कामातला उरलेला चिमूटभर गोळा काका तिथे लावत. तो ‘साक्षीदार’. दुसऱ्या दिवशी नख लावून बघायचं ते साक्षीदारावर, गिऱ्हाइकाच्या वस्तूवर कधीच नाही.

मला त्यांचं कुतूहल वाटायला लागलं. बादलीची कडी, चार्जरची वायर, बुटाच्या टोकाला गिअरने पडलेलं भोक, सगळं ते घेत. कुकरची रिंग मात्र हातातसुद्धा धरत नसत. “वाफ हाय तिथं आपण न्हाई.”

एकदा त्यांनी पाकिटातला इंग्रजी कागद माझ्यापुढे सरकवला. “ताई, तुम्ही इंग्लिश शाळेतल्या ना? वाचून सांगा बरं बराबर.” बारीक अक्षर होतं. वाचायला मला अडचण नव्हती, मराठीत सांगताना मात्र मी अडखळले. पॉलिथिनला चिकटत नाही, ते त्यांना माहीत होतं. शेवटची ओळ त्यांनी दोनदा सांगायला लावली : जीव वाचवणाऱ्या वस्तूला तडा गेला असेल, तर हे वापरू नये. त्या दिवशी दुकानात चार माणसं होती आणि सगळी माझं ऐकत होती. असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

मग मागच्या उन्हाळ्यात मी बदनापूरजवळ वळणावर सांडलेल्या खडीवर घसरले. कोपर खरचटलं, हेल्मेटला कानाच्या वर बोटभर तडा गेला. लांब बाह्यांमुळे कोपर लपलं. हेल्मेट मी ओढणीत गुंडाळून काकांकडे नेलं.

“कपाटावरून पडलं,” मी म्हणाले.

काकांनी खरवडलेल्या भागावरून अंगठा फिरवला. “तुमच्या कपाटाला डांबर हाय का, ताई?”

मी ओढणीची घडी करायला घेतली.

“बुजवलं तर दिसणार न्हाई. बिलकुल न्हाई दिसणार. पण पुन्हा पडलात तर मधूनच फुटंल.” त्यांनी हेल्मेट माझ्याकडे सरकवलं. “कागदात काय होतं, ते तुम्हीच सांगितल्तं.”

“घरी कळलं तर गाडी जाईल,” मी कशीबशी म्हणाले.

 काकांनी एक पाकीट फोडलं, चिमूटभर लाल कणीक घेऊन टेबलाच्या कडेला लावली आणि खडूने माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं. काम तर केलंच नव्हतं. “हा तुमचा साक्षीदार. घरी सांगा आन उद्या या.”

मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. ऊन फार आहे असं घरी सांगून तीन आठवडे एसटीने जात राहिले. “तुला कधीपासून ऊन लागायला लागलं?” पप्पांनी एकदा विचारलं. मी ताटात बघत राहिले.

शेवटी गेले तेव्हा दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. डेअरीवाला म्हणाला, “काका पोरीकडं गेले, परतूरला. डोळ्यांनी दिसंना झाल्तं. आता तिकडंच राहणार.” टेबलाची फळी त्याने ठेवून घेतली होती, तिच्यावर दह्याच्या बरण्या मांडल्या होत्या. मी खाली वाकून लाल ठिपका शोधला. खडूचं अक्षर पुसट झालं होतं. मी नख दाबलं. खूण उमटली नाही.

घरी पप्पा पेपर वाचत बसले होते. मी हेल्मेट त्यांच्यासमोर ठेवलं, तडा वर करून.

“पप्पा, मी पडले होते. मला नवीन हेल्मेट लागेल, आणि गाडी विकायची नाही.”