राखेनं घासलेले व्हॉल्व्ह

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या गल्लीत सगळ्यांनाच नव्याची हौस सुटली. नवं कलेक्टर ऑफिस, नव्या पाट्या, नवी दुकानं. पाऊस तेवढा कुणाला नवा आणता आला नाही. टँकरपुढं घागरींची रांग लागायची आणि तिथंही बाया मला छेडायच्या, "तुझं ते जुनं धूड हायच का गं अजून घरात?"

ते धूड म्हणजे माझा अँप्लिफायर. मी हवाईयन गिटार वाजवायची. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी फिरवत. मुखेडकडची एक टुरिंग टॉकीज बंद पडली तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिचा हा आवाजाचा डबा आमच्या डाळमिलच्या ट्रकमधून आणून दिला होता. आत बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह, तापले की आवाज मोठा करणारे. ते गेले की नवे मिळायचे नाहीत. म्हणून आठवडी बाजारात, भंगारात, लोकांच्या माळ्यावर, जिथं निजामाच्या वेळचा मुका रेडिओ दिसेल तिथून मी व्हॉल्व्ह काढून आणायची. लोक म्हणत, ट्रान्झिस्टरचा घे, हलका असतो, बटण दाबलं की वाजतो. वाजतो, कबूल. पण त्याचा आवाज कोरडा ठणठणीत. माझ्या डब्यात स्वर लांबवला की तो कडेनं जरासा फाटायचा, रडू आवरून कुणी बोलावं तसा. मला तोच हवा होता. जिल्हा नवा झाला म्हणून मी माझा कान का बदलायचा?

नांदेडहून मला बघायला पाहुणे येणार होते. त्यांनी आधीच निरोप धाडला होता, मुलगी पसंत पडली तर ते गिटार-बिटार माहेरीच राहू द्यावं. आप्पांनी नुसतं "बघू" म्हटलं. त्या "बघू"चा मला इतका संताप आला की मी ठरवलं, बघायचंच असेल तर मला डब्यासकट बघा.

त्या दिवशी सकाळी धूळ झटकायला मी डब्यातले सगळे व्हॉल्व्ह काढले, साठवलेल्यांबरोबर परातीत ठेवले आणि टँकरवर गेले. परत आले तर आई अंगणात बसलेली आणि तिच्यापुढं ओले, चकचकीत व्हॉल्व्ह उन्हात वाळत घातलेले. तिनं ते चुलीच्या राखेनं घासले होते. व्हॉल्व्हचा नंबर काचेवर नुसता छापलेला असतो, ओलं बोट लागलं तरी जातो. एकाही काचेवर अक्षर उरलं नव्हतं. आता कुठला कुठं बसवायचा? चुकीचा बसला तर जळणार आणि माझं वाजवणं तिथंच संपणार.

"काय करून ठेवलंस हे!" मी ओरडले.

"पाहुण्यांसमोर काळंमिट्ट कशाला मांडायचं? तुझी वस्तू हाय. नीट दिसाया पायजे."

"आणि पाणी कुठलं घेतलंस?"

"माझ्या आंघोळीचं."

डब्यावर तिनं विभूतीचे तीन पट्टेही ओढले होते, आम्ही पिंडीला ओढतो तसे. तिच्यावर चिडावं की तिच्या कुशीत शिरावं, मला कळेना.

डाळमिलवाल्याच्या घरात निवडायला शिकवावं लागत नाही. मी एकेक व्हॉल्व्ह खिडकीच्या उजेडात धरला, बुडाचे धातूचे पाय मोजले, आतल्या पत्र्यांचा घाट बघितला आणि जोड्या लावल्या. एकाची मात्र खात्री होईना. लावून बघावं तर वीज गेलेली. ती दुपारी आली, पाहुण्यांच्या पाठोपाठच.

पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाचे काका म्हणाले, "वाजवा बगू, काय वाजवता ते."

मी बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"बिगडलंय जणू," काका म्हणाले.

"न्हाई. तापायलंय. थांबा."

बघायला आलेल्यांना थांबा म्हणणारी मुलगी त्यांनी पाहिलेली नसावी. मी मात्र आतून घाबरले होते. मग एका काचेत नारिंगी उजेड धरला, दुसरीत धरला, आणि शेवटी त्या शंकेच्या काचेतही. डबा घुमू लागला. मी वाजवलं, आणि हात आखडून वाजवलं नाही.

"हात चांगला हाय," काका म्हणाले. "पण आमच्याकडं हे धूड चालायचं न्हाई. लईच वाटलं तर ट्रान्झिस्टरची बारकी पेटी घिऊन दिऊ. दार लावून वाजवत जा."

मुलगा बशीत उरलेल्या पोह्यांकडं बघत होता. आप्पा पुन्हा "बघू" म्हणणार हे मला दिसलं.

"बघायचं काही राहिलं नाही," मी म्हटलं. "हा डबा येणार असेल तर मी येईन. आणि दार उघडं ठेवून वाजवीन."

"पोरीला तोंड लई हाय," काका आप्पांना म्हणाले.

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. पाहुण्यांसमोर आई कधीच बोलत नसे.

"हाय की. आमीच दिलंय."

पाहुणे चहा न घेता उठले. आप्पा त्यांना दारापर्यंत सोडून आले आणि खाली मान घालून बसले. ती सगळी मंडळी गल्लीच्या तोंडाशी ऑटोची वाट बघत उभी राहिली. मला वाटलं, आता आई रडणार. तिनं गल्लीकडची खिडकी सताड उघडली.

"वाजव आता," ती म्हणाली. "ऑटो यायला टाइम हाय."