लिहा, तो लगेच बोलेल

टॅब्लेट बनवणाऱ्या एका कंपनीने माझ्या बायकोला फसवले. मला फसवले असते तर मी एवढे लिहीत बसलो नसतो. मार्केट यार्डात पाठीवर गोण्या वाहून मी सुरुवात केली, आज तिथे माझा कांद्याचा गाळा आहे, आणि मला फसवायला येणारी माणसे रोज येतात आणि रोज परत जातात. पण इथे फसली ती, जिला त्या वस्तूची खरी गरज होती.

गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला. जीव वाचला, आवाज कायमचा गेला. ती फार बोलणारी कधीच नव्हती. दोन-चार शब्द बोलायची, पण समोरच्याला त्यांचा अर्थ घरी गेल्यावर लागायचा. मी फोनवर कुणावर तरी ओरडत असलो की आतून म्हणायची, "अहो, फोन ठेवलात तरी चालेल. त्यांना तसंही ऐकू जातंय."

ऑपरेशननंतर ती पाटीवर लिहू लागली. पण पाटी वाचायला माणसाला मान वळवावी लागते आणि माणसे मान वळवत नाहीत. तिने लिहून पाटी वर धरेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मग ती पुसून टाकायची. काय लिहिले होते ते विचारले तर हात हलवून 'जाऊ दे' असे खुणावायची.

अशात त्या नव्या टॅब्लेटची जाहिरात आली. एक बाई पेनाने काचेवर लिहिते आहे, भोवती घरचे लोक हसताहेत आणि खाली मराठीत वाक्य: लिहा, तो लगेच बोलेल. मी त्याच दिवशी ठरवले.

माझी मुलगी आयटीत आहे, विश्रांतवाडीला राहते. ती रविवारी आली आणि म्हणाली, "बाबा, नवीन मॉडेल आहे, आधी रिव्ह्यू बघू." आम्ही तिघे बसून लोकांनी त्या टॅब्लेटला ठेवलेली नावे ऐकत होतो. कुणी म्हणे वजनाला जड आहे, धरून हात दुखतो. मी म्हटले, ती टेबलावर ठेवूनच लिहिणार. कुणी म्हणे उन्हात काच चमकते. आमच्या घरात ऊन येतेच कुठे? कॅमेरा वाईट, चार्जिंग हळू, आवाजाला खोली नाही. एकेक आक्षेप मी हातात घेऊन पाहिला आणि बाजूला ठेवला. त्यातला एकही तिच्या कामाचा नव्हता.

शेवटचा माणूस जरा चिडूनच बोलत होता. मराठी हस्ताक्षर वाचताना हा अडखळतो, सलग लिहिले की आवाज यायला फार वेळ घेतो, बोलण्यासाठी म्हणून ज्यांना हवा आहे त्यांनी तूर्त थांबावे, असे त्याचे म्हणणे.

"हा भाव पाडतोय," मी म्हणालो.

आमच्याकडे हीच रीत आहे. ज्याला कांदा घ्यायचा नसतो तो गोणीकडे न बघता पुढे जातो. ज्याला घ्यायचाच असतो तो गोणी फोडतो, कांदा हातात घेतो, पत्ती सुटली म्हणतो, जोड कांदा फार आहे म्हणतो, तोंड वाकडे करतो. जो जास्त नावे ठेवतो तो पक्का गिऱ्हाईक. याच समजावर माझा गाळा उभा राहिला.

"बाबा, त्याला घ्यायचाच नाहीये," मुलगी म्हणाली. "व्हिडिओ करायला कंपनीनेच टॅब्लेट दिलाय त्याला."

"मग तर झालंच. फुकटच्या मालाला नावं ठेवून स्वतःचा भाव वाढवतोय."

"तुमच्याशी बोलण्यात काही अर्थ नाही."

बायकोने पाटी वर केली. तिच्यावर लिहिले होते, 'आत्ता कळलं?' मुलगी तोवर स्क्रीनकडे वळली होती. वाचले ते मी एकट्याने.

टिळक रस्त्यावरच्या दुकानात मी एकटाच गेलो. तिने पाटीवर लिहून कळवले होते, 'मी येत नाही, तुम्ही भांडाल.' मी भांडलोच. विक्रेत्याने स्वतःचे ठरलेले वाक्य लिहून दाखवले तेव्हा मी पेन काढून घेतले. गोणीच्या तोंडचा माल मला दाखवू नका म्हटले आणि स्वतः लिहिले, 'कांदा संपला'. टॅब्लेट ताबडतोब बोलला. "काका, समाधान?" विक्रेता म्हणाला. कव्हर आणि पेन वरून घेऊनच मी दुकानाबाहेर पडलो.

माझी अक्षरे गोण्यांवर नाव टाकावे तशी मोठी आणि सुटी असतात. तिचे अक्षर बारीक, तिरके आणि सलग. घरी ती लिहायची आणि काचेवर एक गोल फिरत राहायचा. ती पेन उचलून वाट बघायची. मीही बघायचो. सवय होईल, असे आम्ही एकमेकांना भासवत होतो.

मग एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ सोसायटीच्या कामाला आले. जाताना दारात उभे राहून मला म्हणाले, "तुमची मजा आहे बुवा. वहिनींचा आवाज बंद, घरात शांतता." आणि स्वतःच हसले. तिने टॅब्लेट ओढला आणि भराभर लिहिले. गोल फिरू लागला. गृहस्थांनी चप्पल घातली, लिफ्टचे बटण दाबले. लिफ्ट आली, दार लागले, ती वर गेली. त्यानंतर, रेल्वे स्टेशनवरच्या बाईंच्या गोड सुरात, टॅब्लेट बोलला: "खरी मजा तुमच्या घरी. तुम्ही इथे असता तेव्हा."

समोर बंद दार होते. मला हसू आले, पण तिच्याकडे बघितल्यावर ते गेले. तिने टॅब्लेट पालथा घातला. त्या दिवसापासून ती फक्त लागेल तेवढे लिहिते. चहा. औषध. हो. नको. टोमणा मारायचे तिने सोडून दिले आहे. डॉक्टरांनी आवाज काढून घेतला तेव्हाही तिने ते सोडले नव्हते.

मी दुकानात जाऊन आवाज चढवला. दुकानदाराने कंपनीचा फोन नंबर दिला. तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, ही सुविधा अजून सुधारणेत आहे. पुढच्या अपडेटमध्ये फरक पडेल."

"जाहिरातीत तसं लिहिलंय का?"

"खोक्याच्या तळाशी लिहिलंय, सर."

लिहिले होते. चष्मा लावून, खोका दिव्याखाली धरल्यावर दिसले.

त्या चिडक्या माणसाचा व्हिडिओ मी पुन्हा ऐकला. त्याचा शब्द न शब्द खरा आहे. माझी मुलगी यावर काही बोलत नाही, हे तिचे मोठेपण. पण एका परक्या माणसाने सावध केले होते, म्हणून कंपनीचे खोटे वाक्य खरे होत नाही. यार्डात माझ्या गोणीत खाली सडका कांदा निघाला तर गिऱ्हाईक ती माझ्यासमोर ओतते आणि चार लोकांदेखत मला उत्तर द्यावे लागते. फोनवरच्या त्या मुलीवर राग काढून मला काही मिळवायचे नाही. मला तो माणूस हवा आहे, ज्याने 'लगेच' हा शब्द लिहिला, आणि तो, ज्याने त्याला मंजुरी दिली. आवाज गेलेल्या एकातरी बाईच्या हातात हे पेन देऊन त्यांनी पाहिले होते का? त्यांनी आमच्या घरी यावे, तिच्यासमोर बसावे. तिला काय विचारायचे ते ती तिच्या बारीक, तिरक्या अक्षरात लिहील. तो गोल फिरायचा थांबेपर्यंत त्यांनी जागचे हलू नये, आणि मग तिला उत्तर द्यावे. मला नको, तिला.