गोळी कशासंगं घेतली

अंकुशनगरच्या फाट्यावर मला सोडायला चार माणसं आली होती. आई, बाबा, धाकटा भाऊ आणि कांता सिस्टर. सिस्टर आमच्या उपकेंद्रात नर्स होत्या. ड्यूटीतून वेळ काढून पांढऱ्या साडीतच आल्या होत्या आणि त्यांच्या हातात धपाट्यांचा डबा होता. बाबा साखर कारखान्यात फिटर. दिवसभर मशीनच्या आवाजात राहून त्यांची बोलायची सवयच मोडली होती. जालन्याची एसटी दिसली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गाडी हलली की मागं बघू नको. तू बघितलं की आमाला घरी जायला जड पडतं." मी बघितलं नाही. त्यामुळं आजही त्या चौघांना आठवायला गेलं की आधी पुढच्या सीटची उसवलेली रेक्झिन दिसते आणि मांडीवरच्या डब्याची ऊब जाणवते.

याला बावीस वर्षं झाली. तुमच्यापैकी जे तिकडंच राहिलात ते मला अजून विचारता, की तू तिथं नेमकं करतेस काय. जे माझ्यासारखे निघालात ते काहीच विचारत नाहीत, कारण तेही दमलेलेच असतात. तर मी इंग्लंडात लीड्सला आरोग्य मानसशास्त्र शिकवते. म्हणजे माणूस आजारी असतो, औषध उशाशी असतं, तरी तो ते का घेत नाही, याचा अभ्यास. आईला एकदा हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "हे कळायला इतक्या लांब जायला लागलं व्हय?" तेव्हा मी हसून सोडून दिलं. ती बरोबर बोलत होती.

बी.ए. झाल्यावर वर्षभर मी कांता सिस्टरच्या मागं फिरत होते. क्षयरोगाच्या एका पाहणीसाठी फॉर्म भरायचं काम मिळालं होतं. सीझनमध्ये ऊसतोडीची कुटुंबं कारखान्याच्या आसपास कोप्या टाकून राहायची, पाचटाची बुटकी खोपटं. माझ्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, औषध नियमित घेता का. सगळे हो म्हणायचे, मी टिक करायचे. माझ्या कागदांवर विश्वास ठेवला तर तो कोप्यांचा सगळा तळ कधीच ठणठणीत व्हायला हवा होता, आणि माणसं तर माझ्यासमोर खोकत होती.

सिस्टर तो प्रश्न कधी विचारायच्याच नाहीत. कोपीच्या दाराशी फतकल मारून बसायच्या, लेकरू का रडतंय, सरपण ओलं आहे का, असं काहीबाही बोलायच्या आणि त्याच सुरात विचारायच्या, "गोळी कशासंगं घेतली आज?" घेतलेला माणूस लगेच सांगायचा, भाकरीसंगं, चहासंगं. न घेतलेला थांबायचा. सिस्टरचं लक्ष त्या थांबण्याकडं असायचं. पण कुणाला त्यांनी खोटं पाडलेलं मी पाहिलं नाही. "पोटात काही न्हाई वाटतं," एवढंच म्हणायच्या आणि मग खरं काय ते बाहेर यायचं. पहाटे रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं, मळमळलं की कोयता चालत नाही. सिस्टर चूल पेटवायला लावायच्या, सगळ्यांबरोबर स्वतःही चहा प्यायच्या, पिशवीतून पाव काढायच्या आणि गोळी त्यांच्यासमोर पोटात जायची. एकदा परत येताना त्या मला म्हणाल्या, "घेतली का म्हणलं की माणूस होच म्हणतो. तुझा कागद भरावा म्हणून म्हणतो बिचारा. त्याचं त्यात काय जातं?"

लीड्सला आल्यावर माझं सगळं मी यातूनच उभं केलं. पाच प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, त्यातला पहिला प्रश्न सिस्टरचा. ती रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, दम्याच्या क्लिनिकमध्ये चालली आणि तिच्या जोरावर मला कायमची नोकरी लागली. पेपर छापताना नियम असा होता की पाहणीतल्या कुणाचं नाव द्यायचं नाही, म्हणून सिस्टर झाल्या 'एक क्षेत्रीय कार्यकर्ती'. पण तो नियम रुग्णांसाठी होता. शेवटी आभार मानतात तिथं त्यांचं नाव घालायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी घातलं नाही. मी नवीन होते, माझं इंग्रजी कच्चं होतं, मीटिंगमध्ये माझं कुणी ऐकून घेत नव्हतं, आणि ही कल्पना माझी आहे असं लोकांना वाटणं मला सोयीचं होतं. हे मी पहिल्यांदाच लिहून काढते आहे. मग सिस्टरना फोन करायची लाज वाटू लागली, आणि न केलेल्या फोनची आणखी लाज वाटू लागली. अशी वर्षं गेली.

मधल्या काळात तिकडचं आमचं घरही संपलं. तसं ते आमचं नव्हतंच. बाबा रिटायर झाल्यावर क्वार्टर परत द्यावं लागलं. दोन खोल्या, मागं शेवगा, सीझनभर हवेत मळीचा वास आणि भोंग्यावर चालणारा दिवस. त्या दारावर आता दुसऱ्याच्या नावाची पाटी आहे. बाबा गेले, आई भावाकडं संभाजीनगरला असते. इथं माझ्या नावाचं घर आहे, त्यात हीटिंग आहे, खिडकीतून एक नीटनेटकी गल्ली दिसते. गल्लीत कुणी भेटलं की मी ठीक आहे म्हणते, तेही ठीक आहेत म्हणतात आणि आम्ही आपापल्या दारात शिरतो. सुट्टीत गावी जाणार का, असं ऑफिसात विचारलं तर नेमकं कुठं जायचं हेच मला सांगता येत नाही.

गेल्या वर्षी इथल्या मानसशास्त्रज्ञांच्या एका संस्थेनं मला पुरस्कार जाहीर केला, विद्यार्थी घडवल्याबद्दलचा. शिफारस माझ्या विद्यार्थ्यांनीच केली होती. त्यांचं पत्र मला वाचायला मिळालं. एकीनं लिहिलं होतं की या बाई काम झालं का असं कधीच विचारत नाहीत, शेवटची कधी जेवलीस असं विचारतात, आणि मग काम कुठं अडलंय ते आपलं आपणच सांगून टाकतो. मी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि रडले. माझ्यातल्या ज्या गुणाचं कौतुक चाललं होतं तो कोप्यांच्या दारातून उचलून आणलेला होता. भाषणात सिस्टरचं नाव घ्यायचं, हे तेव्हाच ठरवलं. लिहायला बसले आणि लक्षात आलं की मला त्यांचं आडनावच माहीत नाही. आमच्याकडं सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, फार तर कांता सिस्टर.

भावानं चार ठिकाणी विचारून नंबर काढला. सिस्टर आता जालन्यात मस्तगडला लेकीकडं राहतात, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर. रविवारी फोन लावला. इकडं सकाळ होती, तिकडं दुपार. "फिटरची सुजाता का?" त्यांनी लगेच ओळखलं. मी पाठ करून ठेवलेलं सगळं एका दमात सांगितलं, पेपरचं, आभाराचं, पुरस्काराचं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मला म्हाईत हाय."

झालं होतं असं. रिटायर व्हायच्या आधी सिस्टरना कुठल्याशा ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथल्या तरुण साहेबांनी सगळ्यांना एक छापील कागद वाटला. पहिला प्रश्न होता, 'मागील वेळी औषध घेताना आपण कशाचे सेवन केले होते?' जोड्या लावून सराव करायचा होता. सिस्टरनी आपल्या सवयीनं विचारलं, गोळी कशासंगं घेतली, तर साहेबांनी त्यांना थांबवलं. असं मनानं विचारू नका, कागदावर आहे तसंच वाचा, हे परदेशात सिद्ध झालेलं आहे. सिस्टरनी कागद उलटून पाहिला. खाली माझं नाव होतं.

"मंग मी वाचलं कागदावरचं," त्या म्हणाल्या. "सर्टिफिकेट बी भेटलं. हाय कपाटात."

राग आला असेल ना, असं मी विचारलं.

"आल्ता की. दोन दिस जेवण गोड लागलं न्हाई. एक फोन करायचा होता तू, बस. मंग वाटलं, पोरीनं बराबर ध्यान देऊन ऐकलं होतं. इतकं तरी कोण ऐकतं कुणाचं?"

मी माफी मागितली. ती मिळाली की नाही, हे मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. त्यांनी फक्त अट घातली की नाव घ्यायचं तर पुरं घे, नुसतं सिस्टर म्हणू नको, सिस्टर लई हायेत. मग सावकाश सांगितलं, कांता रंगनाथ मस्के. मधलं नाव वडिलांचं. नर्सिंगला त्यांनीच पाठवलं होतं म्हणून त्यांचंच घ्यायचं. मी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. फोन ठेवायच्या बेतात होते तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुझा आवाज असा का येऊन राह्यला?"

कामाचा ताण, मी म्हटलं. थोडं बीपी वाढलंय, डॉक्टरांनी गोळी दिली आहे.

"मंग आज गोळी कशासंगं घेतली?"

माझी सगळी नोकरी या एका प्रश्नावर उभी आहे. तो कुठून येतो आणि कुठं जातो हे मी पोरांना फळ्यावर काढून दाखवते. तरी मी 'टोस्टबरोबर' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द निघायच्या आधी थांबले. ते थांबणं मस्तगडला ऐकू गेलं. गोळ्यांची पट्टी तीन आठवडे ड्रॉवरमध्ये तशीच पडून होती. सकाळी घाईत काही खाल्लं जात नाही, रिकाम्या पोटी घेतली की गरगरतं, गरगरलं की लेक्चर होत नाही. कोयत्याच्या जागी लेक्चर, एवढाच काय तो फरक.

"चहा टाक," सिस्टर म्हणाल्या. "मी हाय फोनवर. जल्दी न्हाई कसली."

समारंभात मी नाव पुरं घेतलं, सावकाश, दोनदा. टाळ्या नेहमी वाजतात तशा वाजल्या. मग संस्थेच्या पत्रिकेत बातमी आली की विजेत्या प्राध्यापिकेनं भारतातल्या एका परिचारिकेचे आभार मानले. दुरुस्तीसाठी मी पत्र लिहिलं, पुढच्या अंकात पाहू असं उत्तर आलं. आणखी भांडायचं अंगात त्राण नाही. म्हणून इथं लिहिते, तिकडं राहिलेल्यांसाठी आणि निघून आलेल्यांसाठीही. कांता रंगनाथ मस्के. माणसाला कसं विचारायचं ते त्यांनी मला शिकवलं.

आता दर रविवारी मी मस्तगडला फोन करते. त्याआधी उठून टोस्ट भाजते, चहा करते, गोळी घेते आणि मगच नंबर लावते. बाकी सगळीकडं मी ठीक आहे म्हटलं की चालून जातं. तिथं चालत नाही, आणि घर म्हणून मला आता तेवढंच उरलं आहे.